काठीखाली

“आनंदरावांना विचारलंयस का?” दत्तोबा न्हाव्यांनी कात्री हवेतच धरून विचारलं.

“विचारलंय.”

“मग काय म्हणाले?”

“चालतंय की, म्हणाले आबा.”

दत्तोबांना ते खरं वाटलेलं नाही हे मला समोरच्या आरशात दिसत होतं. लहान पोरांना बसवायची फळी त्यांनी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकली होती आणि मी तिच्यावर पाय लोंबकळत ठेवून बसले होते. माझी वेणी त्यांनी दोन बोटांत धरली होती, जरा लांबच, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी.

मागच्या बाकावर आमचा कॅप्टन सयाजी बसला होता. त्याचा गोटा सकाळीच झाला होता आणि तो त्यावरून सारखा हात फिरवत होता.

“काका, तुम्ही मशीन मारा बिनधास्त,” तो म्हणाला. “केसानं एक बोट उंची वाढते. आमच्या सगळ्या टीमनं काढलेत.”

“तुमचं ठीक आहे रे. ही पोरगी आहे.”

“उद्या दुपारपर्यंत नाही,” सया म्हणाला.

दत्तोबा हसले आणि त्यांनी कात्री लावली.

कोल्हापुरात आमच्या लहानपणी प्रत्येक पेठेला तालीम होती आणि प्रत्येक तालमीला फुटबॉलचा संघ. कुस्ती आतल्या तांबड्या मातीत, फुटबॉल बाहेरच्या मैदानात. मोठ्यांच्या मॅचेस हिवाळ्यात व्हायच्या. मे महिन्यात आमच्या भागातल्या मंडळींची पोरांसाठी एक स्पर्धा असायची आणि तिच्यातला लहान गट वयावर नव्हे, उंचीवर ठरायचा. त्या गटात वयाचे दाखले कुणी कुणाचे मानायचं नाही. मान्य असायची ती फक्त काठी. एका उभ्या बांबूला चार फूट दहा इंचांवर आडवी पट्टी ठोकलेली. पोरगं बांबूला पाठ लावून तिच्याखाली उभं राहायचं. पट्टी डोक्याला लागली नाही तर आत, लागली तर बाद.

त्यामुळं एप्रिलपासूनच पेठेत उंची कमी करायचे उद्योग सुरू व्हायचे. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन फिरायचं. उशी न घेता झोपायचं. माणूस सकाळी लांब असतो आणि संध्याकाळी आखडतो, असं सयाच्या थोरल्या भावानं सांगितलं होतं, म्हणून मापाच्या आदल्या दिवशी पोरं दिवसभर उड्या मारत होती. मीही मारल्या होत्या. मला अकरावं संपत आलं होतं आणि माझे पाय त्या वर्षी फ्रॉकमधून बाहेर पडायची घाई करत होते.

ती उंची गेली की सगळं संपणार, असा माझा हिशेब होता. अकराव्या वर्षी, केस कापून, सदरा घालून मी पोरांत खपून गेले असते. आमच्याकडं बायकापोरीही बोलताना ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात, त्यामुळं बोलण्याचीही अडचण नव्हती. पण पुढच्या वर्षी लहान गटात उंचीनं घेतलं नसतं आणि मोठ्या गटात पोरगी म्हणून कुणी उभं केलं नसतं. गल्लीत खेळता येत होतंच. मला मैदानात खेळायचं होतं. चुन्याच्या रेघा मारलेल्या, जाळी लावलेल्या मैदानात, शिट्टी वाजल्यावर.

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. तिनं मान वळवून पाहिलं आणि तिचा हात परातीतच थांबला.

“कुणाचं सुतक पाळालीयस गं?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “बाप जिता हाय अजून तुझा.”

माझे वडील, आबा, इतक्या वर्षांनी, आता गेल्या दिवाळीनंतर वारले. क्रियाकर्म करून आलेला माझा चुलतभाऊ गुळगुळीत डोक्यानं दारात उभा राहिला, तेव्हा आईचं हे वाक्य मला जसंच्या तसं ऐकू आलं. पण त्या संध्याकाळी मी फक्त खाली बघत उभी होते आणि आई पुढची भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापत होती.

आबा एस.टी.च्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. त्या संध्याकाळी कामावरून येऊन त्यांनी सायकल भिंतीला लावली, हातपाय धुतले, पाटावर बसले, आणि मग माझ्याकडं पाहिलं.

“दत्तोबानं मागं नीट केलं नाही,” ते म्हणाले. “कानामागं राहिलेत.”

“एवढंच बोला तुम्ही,” आई म्हणाली.

“दुसरं काय बोलू? केस हायत. येतील.”

“आणि उद्या ही अशी जाणार मैदानात. सगळ्या पेठेसमोर, पोरांच्या रांगेत. तिला सांगा, जायचं नाही म्हणून. तुमचं ऐकते ती.”

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

“कशाला सांगू? जाऊ दे की. काठीखाली उभी राहू दे.”

“काठी कोण धरणार आहे उद्या?” मी विचारलं.

“मी,” आबा म्हणाले.

मी मान खाली घालून भरभर जेवले. मनातलं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून. कारण काठीची एक गोष्ट पेठेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होती. बांबू धरणाऱ्यानं तो जमिनीवरून एक बोटभर उचलला तरी बघणाऱ्याला कळत नाही; पायांशी धूळच इतकी असते. काही पंच उचलायचे, असं म्हणत. आपल्या पेठेचं पोर आलं की मनगट जरा सैल. आबांनी कधी कुणासाठी उचलल्याचं ऐकलं नव्हतं. पण आजवर त्यांच्या काठीखाली मीही कधी उभी राहिले नव्हते.

आबा तरुणपणी तालमीकडून खेळले होते. गुडघा गेल्यावर त्यांनी शिट्टी घेतली. तेव्हापासून तालमीच्या कट्ट्यावर त्यांचं बसणं बंद झालं. कुणी बंद केलं नव्हतं. आमच्या पेठेची मॅच असली की दुसरा पंच असायचा, हा रिवाजच होता. तरी इतर पेठांच्या मॅचमधल्या एखाद्या निर्णयानं आमच्या पेठेचं गणित चुकायचंच, आणि मग कट्ट्यावरचे आवाज ते जाताना थोडे खाली यायचे. “पंचाला पेठ नसते,” ते एकदा आईला म्हणाले होते. “चहा घरी प्यावा.”

मला फुटबॉल त्यांनीच शिकवला. रंकाळ्याच्या अंगाला तेव्हा मोकळं रान होतं. सकाळी कामावर जायच्या आधी ते मला तिथं न्यायचे. शिकवायचे म्हणजे काय, तर चेंडू आला की त्याच्यावर पाय ठेवायचा आणि थांबायचं. आबा टाळी वाजवतील तेव्हा मारायचा. मला चेंडू दिसला की मारावा वाटायचं. तो पायाखाली धरून उभं राहणं म्हणजे शिंक दाबून धरण्यासारखं होतं.

“वाजवा की आबा.”

“कोण मोकळं हाय ते बघ आधी.”

“कोण नाहीच आहे इथं. म्हशी हायत.”

“मग कुठली म्हैस मोकळी हाय ते बघ.”

माझा डावा पाय चांगला होता. आमच्या पोरांच्या संघाचे मॅनेजर हिंदूराव चौगले, आम्ही त्यांना काका म्हणायचो, त्यांनी मला गल्लीत खेळताना पाहिलं आणि सरावाला येऊ दिलं. “डावं पाऊल कुठं मिळतंय,” ते म्हणाले होते. “मापाच्या दिवशी बघू काय ते.” पोरांनी ते आपल्या पद्धतीनं बघून ठेवलं होतं. मी गप्प उभं राहायचं, कुणी विचारलं तर नाव जयवंत सांगायचं.

ही योजना आखताना काठी कोण धरणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळी मैदानावर सगळ्या पेठांची पोरं रांगा करून उभी होती. निम्म्या डोक्यांवर ऊन चकाकत होतं. स्पर्धेचे कर्तेधर्ते पिसाळ तात्या टेबलावर माईक घेऊन बसले होते. मापाची एक ठरलेली रीत होती. पोरगं काठीखाली यायचं, आबा नाव विचारायचे, माप घ्यायचे, आणि तात्या माईकवर सांगायचे, अमुक अमुक, पास. मग विचारायचे, “हरकत?” टेबलाशेजारी सगळ्या पेठांचे मॅनेजर उभे असायचे. कुणाला हरकत असली तर तिथंच, त्याच क्षणी घ्यायची. पोरगं दुसऱ्याच पेठेचं आहे, गुडघे वाकवले, काय असेल ते. सगळे “नाही” म्हणाले की विषय संपला. काठीपाशी घेतली नाही ती हरकत पुढं कुठंच चालायची नाही, आणि या एका गोष्टीवर सगळ्या पेठांचं एकमत होतं.

पलीकडच्या पेठेचे मॅनेजर शामराव इंगवले यांचा गुळाचा व्यापार होता आणि आवाज सौद्यात तयार झालेला होता. त्यांचं “नाही” सगळ्यांच्या वर ऐकू यायचं. हरकतीही त्यांच्याच जास्त.

“ह्याची मान बघा, आनंदराव. कासवागत आत घेतलीय.”

“मान वर घे रे,” आबा म्हणायचे आणि शिट्टीच्या दोरीनं पोराच्या हनुवटीला खालून टोचायचे.

सया पास झाला. बाहेर पडताना त्यानं माझ्याकडं बघून डोळा मारला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. मलाही तेव्हाच कळलं. आता आबा मला नाव विचारणार होते.

मी काठीखाली जाऊन उभी राहिले.

“नाव?” आबांनी विचारलं. रांगेतल्या पहिल्या पोरापासून विचारत होते तसंच.

मागं आमची पोरं श्वास धरून उभी होती. जयवंत, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्यानं ठेवलं त्यालाच दुसरं नाव कसं सांगायचं?

“जयमाला,” मी म्हटलं.

“पूर्ण.”

“जयमाला आनंदराव कारंडे.”

मॅनेजरांमध्ये कुणीतरी खुसखुसलं. हिंदूराव काका टोपी काढून डोकं खाजवू लागले.

“टाचा टेकव,” आबा म्हणाले.

मी टेकवल्या.

“गुडघे सरळ. पाठ लाव. समोर बघ.”

समोर शामराव इंगवले होते. मी त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडं बघत राहिले आणि आबांच्या मनगटाचा विचार करत राहिले. एक बोट, आबा. कुणाला दिसणार नाही.

पट्टी डोक्याला लागली. नुकत्याच कापलेल्या केसांच्या खुंटांतून लाकूड लागलेलं अगदी स्पष्ट कळतं.

“बाहेर ये,” आबा म्हणाले. “परत उभी राहा.”

त्यांनी पायानं बांबूखालची धूळ बाजूला केली, खालची जमीन कडक लागेपर्यंत, आणि बांबू तिच्यावर टेकवला. पुन्हा पट्टी लागली.

“बाद,” आबा म्हणाले.

“अहो पंच,” पिसाळ तात्या माईक बाजूला धरून म्हणाले, “लेक आहे तुमची. गंमत म्हणून आली असेल पोरांबरोबर. जाऊ दे तिला. पुढचा घ्या.”

“माईकवर सांगा, तात्या.”

“कशाला पोरीचा गाजावाजा?”

“बाकीच्यांचं सांगितलंत की. हिचंही सांगा. नाव घेऊन, कारणासकट.”

तात्यांनी खांदे उडवले आणि माईक तोंडाशी घेतला. माझं नाव, माझ्या बापाचं नाव आणि आडनाव त्या मैदानावर पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं गेलं. “उंची जास्त. बाद. हरकत?”

“नाही,” मॅनेजर म्हणाले. बरेचसे हसत होते. शामराव इंगवल्यांनी तर टाळी वाजवली. “नाही, नाही. पंच असावा तर असा,” ते म्हणाले. “स्वतःच्या पोरीला सोडत नाही तो आमच्या पोरांना काय सोडणार?”

“पुढचा,” आबा म्हणाले.

मॅचेस संपेपर्यंत मी मैदानाच्या दगडी कठड्यावर बसून होते. घरी जाऊन आईला तोंड दाखवण्यापेक्षा ते बरं होतं. आमची पोरं दुसऱ्या फेरीत हरली. सया माझ्याजवळ येऊन बसला आणि त्यानं भडंगाचा पुडा मध्ये ठेवला. थोड्या वेळानं म्हणाला, “तुझे आबा म्हणजे कठीणच आहेत.” मी भडंग खाल्लं नाही.

संध्याकाळी आबा सायकल हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले.

“बस मागं.”

“मी चालत येतो.”

मग तेही चालत निघाले. मैदानापासून पेठेच्या कोपऱ्यापर्यंत सायकलच्या चेनचा तेवढा आवाज.

“एक बोट होतं, आबा.”

“होतं.”

“तुम्ही जरा वर धरली असती तर—”

“तर काय?”

“मी खेळलो असतो.”

“आज खेळली असतीस,” आबा म्हणाले.

“मग कधी खेळू?”

“थांब.”

हा शब्द मला इतका नकोसा झाला होता की मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालू लागले. आबा अलीकडून सायकल ढकलत येत राहिले. मी भराभर चालले तर ते भराभर चालत, मी हळू झाले की तेही हळू. घर येईपर्यंत आम्ही तसेच आलो, मध्ये रस्ता ठेवून.

काही दिवस मी सकाळी उठले नाही. आबांनी हाक मारली नाही. ते एकटेच चेंडू घेऊन जात आणि परत येऊन तो दारामागं ठेवत. एका सकाळी मला जाग आली तेव्हा ते निघायच्या तयारीत होते. मी चपला घातल्या. त्यांनी चेंडू माझ्याकडं टाकला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

त्या वर्षात माझे केस मानेपर्यंत आले. आई ते तेल लावून घट्ट मागं बांधायची आणि म्हणायची, “ह्यातला एक केस जरी कापलास ना.” पण रानातून परतायला उशीर होऊ लागला तेव्हा तिनंच डबा भरून आबांच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. मी तीन-चार इंच वाढले. चेंडूवर पाय ठेवून थांबायची इतकी सवय झाली की आबा टाळी वाजवायला विसरायचे आणि मी त्यांना आठवण करायचे नाही. म्हशींपैकी कोण मोकळी आहे ते मला बघता येऊ लागलं होतं.

पुढच्या मे महिन्यात हिंदूराव काका घरी आले. आबा कामावर होते.

“मोठ्या गटात तुझं नाव देतोय,” ते म्हणाले. “राखीव म्हणून. डावीकडं कोण नाही माझ्याकडं. चौदाच्या आतला गट, उंचीची भानगड नाही.”

“घेतील मला?”

“नाही घेणार,” काका म्हणाले. “पण देतोय.”

“आबांना सांगितलंत?”

“त्यांनीच सांगितलं, नाव द्या म्हणून.”

मॅच पलीकडच्या पेठेशी होती. आमचे पोशाख चढवून झाले, आम्ही रेघेशी येऊन बसलो, आणि शामराव इंगवले मंडपातून ताडताड बाहेर आले.

“तात्या, ही पोरगी कशी काय टीममध्ये?”

“नियमात पोरगी चालत नाही असं कुठं लिहिलंय?” हिंदूराव काका म्हणाले.

“लिहिलं नाही, कारण कुणाच्या डोक्यात आलं नाही. मांजर घेऊ नये असं तरी कुठं लिहिलंय? उद्या मांजर उभं कराल.”

सगळे हसले. आमची दोन पोरंही हसली. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

“आनंदरावांना बोलवा,” पिसाळ तात्या म्हणाले.

“त्यांची पोरगी आणि त्यांनाच विचारायचं?”

“पोरगी नाही विचारायची. नियम विचारायचाय.”

आबा वरच्या मैदानावर दुसऱ्या दोन पेठांची मॅच चालवत होते. हाफटाइम झाल्यावर ते आले. गळ्यात शिट्टी, सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला, अर्धा प्यायले, आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

“शामराव,” ते म्हणाले, “हरकत कुठं घ्यायची असते?”

“ते लहान गटात. काठीपाशी.”

“का काठीपाशी?”

“कारण खेळाडू तिथं ठरतो.”

“काठीखाली प्रेक्षकाला उभं करतात?”

“नाही.”

“चहावाल्याला?”

“मुद्द्यावर या, आनंदराव.”

“गेल्या साली ही पोरगी काठीखाली उभी होती. मी दोनदा मापली. तात्यांनी माईकवर पूर्ण नाव घेतलं आणि बाद सांगितली. तात्या, कारण काय सांगितलं होतंत?”

तात्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. “उंची जास्त,” ते सावकाश म्हणाले.

“आणखी काही?”

“नाही. तेवढंच.”

“मग तुम्ही हरकत विचारलीत. सगळे मॅनेजर उभे होते. शामराव, तुम्ही काय म्हणालात?”

“पंच असावा तर असा, म्हणाले,” मागून कुणीतरी बोललं आणि पुन्हा हशा झाला. या वेळी तो आमच्यावर नव्हता.

“त्याच्या आधी काय म्हणालात?”

शामराव इंगवले व्यापारी माणूस, सौदा कुठं झाला होता ते त्यांच्या लक्षात येत होतं.

“‘नाही’ म्हणालो,” ते म्हणाले.

“म्हणजे पोरगी आहे म्हणून तुमची हरकत नव्हती. कुणाचीच नव्हती. नडली ती उंची. या गटाला उंची नाही.”

आबांनी तांब्यातलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं.

“आनंदराव,” शामराव म्हणाले, “हे तुम्ही वर्षभर धरून बसलेला?”

“मी काय धरणार? मापलं फक्त.”

“त्या दिवशी एक बोट सोडलं असतंत ना, तर आज मी तुमचं एक अक्षर ऐकलं नसतं.”

“एक बोट लागत होतं, शामराव,” आबा म्हणाले. “म्हणून सोडलं नाही.”

मी नाडी बांधायची थांबले होते. हिंदूराव काका माझ्याजवळच उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि उगाचच पुन्हा घातली.

“खेळवा,” शामराव शेवटी म्हणाले. “पण आमच्या पोराचा धक्का लागला तर कुणी रडत यायचं नाही माझ्याकडं.”

“ते तिला विचारा,” आबा म्हणाले.

शामरावांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

“नाही येणार,” मी म्हटलं.

आबांनी तांब्या टेबलावर ठेवला आणि वरच्या मैदानाकडं निघाले. मी त्यांच्यामागं थोडी धावले.

“तुम्ही बघणार नाही?”

“तिकडं मॅच हाय माझी. दुसरा हाफ राहिलाय, आणि तिच्यामागनं आणखी एक मॅच हाय.”

“पण आबा—”

“काका सांगतील तेव्हा उतर. तोवर बस,” ते म्हणाले आणि गेले.

पहिला हाफ मी बसून होते. दुसरा अर्धा झाला तरी बसून होते. आश्चर्य म्हणजे बसवत होतं. त्यांचा उजवा बॅक पुढं गेला की परत यायला आळस करतो, त्याच्यामागं जागा राहते, हे मला बसल्या बसल्या दिसलं. बरोबरीचा स्कोअर होता. आमचा डावीकडचा पोरगा लंगडू लागला, काकांनी माझ्याकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

चुन्याची रेघ ओलांडताना मी खाली बघितलं. ती पुसट झाली होती, अर्धी बुटांना लागून गेली होती.

पहिला चेंडू माझ्याकडं आला तेव्हा तो उजवा बॅक परतला होता. त्यानं खांदा असा दिला की मी तोंडावर आपटले. तोंडात माती गेली, कोपराला काहीतरी गरम लागलं. पंचानं दोन्ही हात पुढं करून खेळ चालू ठेवला, कारण चेंडू सयाकडं गेला होता. बरोबर होतं. तरी मी तशीच पडून राहिले असते, आणखी थोडी.

तेवढ्यात शिट्टी वाजली. वरच्या मैदानावरून, लांब, शेवटी किंचित चढणारी. ती आबांची होती. मला ती शंभर शिट्ट्यांत ओळखू आली असती. माझं सगळं अंग त्या आवाजाकडं वळलं आणि मग कळलं की ती तिथल्या कुणाच्या तरी चुकीसाठी होती, तिथल्या कुणाच्या तरी पोरासाठी. त्यांना इथलं काहीच दिसत नव्हतं.

मी हातांवर जोर देऊन उठले.

“लागलं काय गं?” त्या बॅकनं विचारलं. जरा घाबरल्यासारखं.

“लागलं.”

“मग?”

“मग काय. चेंडू कुठं आहे?”

त्यानं मागं वळून पाहिलं. चेंडू सयाच्या पायात होता. सयानं मान वर केली आणि डावीकडं, माझ्यापुढच्या मोकळ्या जागेत बघितलं.